शेवटचा कडा आधी: युटाच्या वाळवंटात उंच रॅपलची कॅन्यन आखताना

कॅन्यनची, म्हणजे खोल अरुंद घळीतून दोराने कडे उतरत जायची, सहल आखताना मी कागदावर सगळ्यात आधी शेवट लिहिते. शेवटचा दोर किती वाजेपर्यंत खाली खेचून झालेला हवा, तिथून पायवाट किती लांब, पायवाट संपते तिथे बस किंवा गाडी आहे का. मग एकेक टप्पा मागे येत घरातून निघायच्या वेळेपर्यंत पोचते. सह्याद्रीत वाढलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण आपली सवय चढाईची. गडावर निघालो आणि ऊन वाढलं, दम लागला, तर मागे फिरता येतं. कॅन्यनमध्ये पहिला रॅपल (दोरावरून उतरायचा कडा) उतरून दोर खेचला की वरचा रस्ता बंद. पुढचा प्रत्येक कडा उतरावाच लागतो, आणि सगळ्यात उंच कडा बऱ्याचदा अगदी शेवटी, माणसं दमल्यावर समोर येतो.

मी नाशिकची. कातळावर दोर धरायला अंजनेरीकडे शिकले. आता अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत राहते, झायन नॅशनल पार्क इथून गाडीने साडेचार तासांवर. इकडे शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुलं विचारतात, "ताई, सांदण केलीये, विहीगावचा धबधबा उतरलोय, इथली कॅन्यन जमेल ना?" जमेल, पण आधी एक विचारते: तिथे अँकर (दोर बांधायचा आधार) कोणी लावला होता? वरून बिले (सुरक्षेचा दुसरा दोर) कोण देत होतं? संस्थेबरोबर गेलेल्याला उतरण्याचा अनुभव असतो. दोर बांधणं, त्याची लांबी ठरवणं, अडकलेल्याला सोडवणं आणि शेवटी दोर परत मिळवणं ही कामं दुसऱ्यांनी केलेली असतात. इथे ती सगळी तुमच्या चौघांच्या अंगावर येतात, त्यामुळे हा लेख मुख्यतः त्या कामांविषयी आहे.

उदाहरणासाठी झायनमधली बेह्युनिन कॅन्यन घेते. १८६०च्या दशकात झायनच्या मुख्य दरीत शेती करायला आलेल्या आयझॅक बेह्युनिन या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) वसाहतकऱ्याचं नाव तिला आहे. आठ-नऊ रॅपल आहेत आणि सर्वांत उंच १६५ फूट, म्हणजे साधारण ५० मीटर. याच भागातल्या हीप्स कॅन्यनचा शेवटचा रॅपल जवळपास ३०० फूट, पूर्ण अधांतरी, आणि त्याआधी दिवसभर थंड पाण्यातून वाट काढावी लागते. फोटो बघून थेट हीप्सचा हट्ट धरणारे भेटतात. त्यांना मी आधी मोअॅब गावाजवळच्या मॉर्निंग ग्लोरी या नैसर्गिक पुलाशी नेते. तिथला रॅपल शंभर फुटांहून जास्त, बराचसा हवेत, आणि दिवस लहान. फक्त उतरल्यावर खालच्या झऱ्याकाठी तीन-तीन पानांची विषारी आयव्ही वाढलेली असते, तिला हात लावू नका.

दोराचं गणित

सुरुवात सर्वांत उंच कड्याच्या लांबीने होते. १६५ फुटांत अँकरपासून काठापर्यंतचं अंतर आणि गाठीपुरता दोर मिळवा, १८० फूट धरा. बाजारात २०० फुटी दोर मिळतो, तेव्हा वाटतं प्रश्न सुटला. पण नवा नायलॉनचा स्टॅटिक (कमी ताणणारा) दोर पहिल्यांदा भिजून वाळला की पाच ते दहा टक्के आखडतो. दोनशेचे एकशे ऐंशी होऊ शकतात. म्हणून नवा दोर आणल्यावर तो रात्रभर बादलीत भिजवा, सावलीत वाळवा, मग टेप लावून मोजा आणि खरी लांबी दोन्ही टोकांना लिहा. पॉलिएस्टरचा दोर कमी आखडतो, पाणीही कमी धरतो. थोडे जास्त पैसे घालायला हरकत नाही.

इथे एकेरी दोरावर उतरतात. दोर अँकरच्या लोखंडी रिंगमधून ओवतात आणि एका बाजूला क्लोव्ह हिच नावाच्या गाठीने कॅरॅबिनर (धातूची कडी) बांधून तो रिंगला अडकेल असा ब्लॉक करतात. माणूस दुसऱ्या बाजूवर उतरतो. सगळे खाली आले की ब्लॉकची बाजू खेचायची, दोर वरून सरकत खाली येतो. म्हणजे ५० मीटर उतरायला ५० मीटर दोर, आणि खेचायला तेवढीच बारीक पुलकॉर्ड. आता दोर वरच अडकला तर? उरलेले कडे कशावर उतरणार? माझा नियम असा की सर्वांत उंच रॅपलच्या तिप्पट लांबीचा माल बरोबर हवा: एक उतरायला, एक खेचायला, एक राखीव. आठ-साडेआठ मिलिमीटरचा दोर मीटरला ५० ते ६० ग्रॅम भरतो, तेव्हा २०० फुटी दोराचं ओझं तीन-साडेतीन किलो. चौघांत वाटलं की फार होत नाही. राखीव दोर घरी ठेवून वजन वाचवू पाहणाऱ्याबरोबर मी जात नाही.

रिंगपाशी साध्या ब्लॉकऐवजी फिगर एटचा (इंग्रजी आठच्या आकाराचं धातूचं साधन) ब्लॉक लावता येतो. कोणी मध्येच अडकलं, केस किंवा टीशर्ट डिसेंडरमध्ये (दोराला घर्षण देऊन उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनात) गेला, तर तो ब्लॉक सोडवून माणसाला वरूनच खाली सोडता येतं. सुरेख सोय आहे, पण तिची मर्यादा कागदावरच लक्षात घ्या. आखडून १८५ फूट उरलेल्या दोरातले १८० फूट त्या उंच कड्यावर लागले, तर वर सोडायला पाचच फूट उरतात. दहा-वीस मीटरच्या रॅपलवर ही सोय छान चालते, आणि जिथे भीती सगळ्यात जास्त, त्या उंच कड्यावर ती जवळपास निरुपयोगी. म्हणून तिथे लांब दोर घ्या, किंवा लटकलेल्या माणसाला स्वतःला सोडवता आलं पाहिजे.

उंची वाढली की काय बदलतं

तीस फुटांवर जो डिसेंडर लोण्यासारखा चालतो, तोच पन्नास मीटरवर वेगळा वागतो. काठावर असताना खाली लोंबणाऱ्या दोराचं अडीच-तीन किलो वजन तुमच्या ब्रेकच्या, म्हणजे खालचा दोर धरणाऱ्या, हाताखाली असतं आणि तेच घर्षण वाढवतं. सुरुवातीला माणूस हलतच नाही, दोर हाताने वर उचलून डिसेंडरमध्ये भरवावा लागतो. नवखा वैतागून घर्षण कमी करून घेतो. पण जसजसं खाली याल तसं खालच्या दोराचं वजन घटतं, ब्रेक सैल पडतो आणि वेग वाढायला लागतो. शेवटच्या पंधरा मीटरवर हात जळायला लागल्यावर कळून उपयोग नाही. उतरता उतरता घर्षण वाढवता येईल असं शिंगांचं डिसेंडर घ्या, आणि दोराचा जादा वेढा एका हाताने टाकायची सवय जमिनीपासून चार फुटांवर लटकून करा. साधा फिगर एट आपल्याकडे सर्रास वापरतात, पण या उंचीला मी तो कोणाला देत नाही.

सावकाश उतरा. वेगाने उतरलं की डिसेंडर तापतो. नायलॉन २०० अंशांच्या वर वितळतं, पण डायनिमा या कृत्रिम धाग्याची बारीक स्लिंग (पट्टी) १४५ अंशांच्या आसपासच वितळते, तेव्हा तापलेला डिसेंडर स्लिंगला टेकू देऊ नका. खाली पाय टेकले की लगेच दोर काढून बाजूला व्हा. उड्या मारत उतरणं तर पूर्ण बंद. वरच्या काठावर प्रत्येक उडीगणिक दोर त्याच जागी करवतीसारखा घासतो. झायनचा कातळ नावाहो सॅंडस्टोन आहे, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन झालेला. आपला बेसॉल्ट दोराला गुळगुळीत सरकू देतो, हा पॉलिश पेपर आहे. काठावर दोराखाली जाड कापडाची नळी घाला, आणि प्रत्येक माणसानंतर दोर वीतभर खाली सोडून घासणारी जागा बदला. वाळू दोरात शिरते आणि डिसेंडरचं अॅल्युमिनियम खाते. माझ्या जुन्या डिसेंडरवर दोर जिथून वळतो तिथे बोट बसेल एवढी खाच पडली आहे आणि तिची कड ब्लेडसारखी झाली आहे. अशी कड दिसली की ते डिसेंडर वापरातून बाद.

सॅक पाठीवर ठेवून अधांतरी रॅपलला जाऊ नका, ती मागे ओढते आणि माणूस आडवा होतो. कमरेच्या लूपला स्लिंगने बांधून सॅक खाली लोंबू द्या. दोराला पीळ असेल तर गरगर फिरायला होतं, म्हणून दोर पिशवीत भरताना गुंडाळायचा नाही, नुसता कोंबत जायचा.

कोणाला बरोबर घ्यायचं

चार माणसं उत्तम, सहा म्हणजे कमाल. माझी परीक्षा एकच आहे. परसातल्या झाडाला दोर बांधायचा, डिसेंडरच्या खाली ब्रेकच्या दोरावर ऑटोब्लॉकची (वजन आलं की दोरावर आवळणारी) गाठ लावून मध्यावर लटकायचं, आणि तिथून प्रुसिकच्या, म्हणजे तशाच आवळणाऱ्या, दोन फासांवर वर चढून दाखवायचं. एक फास हार्नेसला (कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यांना), एक पायात. मग परत उतरायचं. वीस मिनिटांत जमलं तर चला. नाही जमलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा झाड. लोकांना हे कडक वाटतं, पण अधांतरी लटकलेल्या माणसाला हार्नेसचे पट्टे मांड्यांत रुततात, पाय बधिर होतात, आणि नुसतं लटकत राहणंच जिवावर बेतू शकतं. तेव्हा प्रुसिक आठवत बसायला वेळ नसतो.

खालून दोर ताणून ब्रेक द्यायची पद्धत आपल्याकडच्यासारखीच आहे, पण पन्नास मीटरवर स्टॅटिक दोरसुद्धा हात-दोन हात ताणतो. तेवढा ताण निघेपर्यंत ब्रेक लागत नाही. खालच्या माणसाने दोर आधीपासून हातात तयार ठेवायचा, नजर वर, आणि दगड पडेल त्या रेषेपासून दोन पावलं बाजूला. शिट्टीच्या खुणा घरीच ठरवा. पन्नास मीटरवर, कड्याच्या आड, वारा असताना हाकेतला शब्द पोचत नाही. आम्ही एक शिट्टी थांब, दोन दोर सोड, चार उतरलो, दोर मोकळा, अशा ठेवतो.

पाऊस, आणि न जाण्याचा निर्णय

१४ सप्टेंबर २०१५ला झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण उतरले. कीहोल लहान आहे, काही तासांत संपते. त्या दिवशी पुराचा इशारा आधीच दिलेला होता. दुपारनंतर पाऊस कोसळला, अरुंद घळीत पाणी चढलं आणि सातही जण गेले. लहान कॅन्यन म्हणजे धोका लहान, असं कोणी म्हटलं की मी हे सांगते.

वाळवंटातला पूर आपल्या पावसाळ्यासारखा सांगून येत नाही. उघड्या कातळात पाणी मुरत नाही, सगळं एकदम घळीकडे धावतं. ढग तुमच्या डोक्यावर नसतील, दहा मैल वर पाणलोटात असतील, आणि खोल घळीतून तुम्हाला आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसत असते. म्हणून नकाशावर कॅन्यनचं पूर्ण पाणलोट क्षेत्र आखून घ्या आणि अंदाज त्या सगळ्या भागाचा बघा. अमेरिकेची हवामान संस्था झायनसाठी रोज पुराची पातळी जाहीर करते: शक्यता नाही, होऊ शकतो, बहुधा होईल, होणारच. घळ अरुंद असेल तर मी दुसऱ्या पातळीलाच बेत रद्द करते. परमिट हातात असणं म्हणजे आज जाणं सुरक्षित आहे असा अर्थ होत नाही. साडेचार तास गाडी चालवून आल्यावर नाही म्हणणं जड जातं, त्यामुळे दुसरा बेत आधीच ठरलेला असावा, एखाद्या उघड्या पायवाटेचा, की ज्याला मन तयार असेल.

मोसमी पावसाचे ढग इथे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत येतात. एप्रिल-मेमध्ये बर्फाचं पाणी बोचरं गार असतं. जून सगळ्यात कोरडा, पण ऊन चाळीस अंशांपर्यंत. सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर मला सगळ्यात आवडतात, फक्त दिवस लहान होत जातो. पाऊस पडून गेला असेल तर कातळ वाळायला दोन-तीन दिवस द्या. भिजलेला सॅंडस्टोन ठिसूळ होतो, ज्या शिंगासारख्या दगडाला अँकर बांधला तोही तुटून हातात येऊ शकतो.

परमिटबद्दल थोडक्यात: झायनमध्ये दोर लावावा लागेल अशा प्रत्येक कॅन्यनसाठी ते लागतं आणि माणसांची संख्या मर्यादित असते. आरक्षण सरकारी संकेतस्थळावर होतं. शेवटच्या क्षणी सोडतही असते. तारखा लवचिक ठेवा.

वेळ मागून मोजा

चार माणसं, पन्नास मीटरचा रॅपल: दोर लावायला दहा मिनिटं, प्रत्येकाला सात, खेचून भरायला दहा. अठ्ठेचाळीस झाली. मधल्या उंचीच्या कड्याला पस्तीस, लहानाला वीस. समजा एक उंच, तीन मधले, पाच लहान, तर नुसत्या दोरावर सव्वाचार तास गेले. बेह्युनिनला पार्कच्या बसच्या ग्रोटो थांब्यावरून वर चढायलाच तीन तास धरा. त्यात वॉल्टर्स विगल्स नावाची एकवीस वळणांची घाटवाट आहे, आणि पाठीवर दोर असताना ती एकवीसही वळणं जाणवतात. घळीतलं चालणं दीड तास, खाली एमराल्ड पूल्सच्या पायवाटेवरून रस्त्यापर्यंत एक. दहा तासांच्या आसपास झाले, त्यावर दोन तास अडचणीसाठी. मोसमात दरीतल्या रस्त्याला खासगी गाड्यांना बंदी असते आणि पार्कची शटल बस चालते. शेवटची बस रात्री कितीला ते बघून त्यातून बारा तास वजा केले की उत्तर एकच येतं: पहिली बस. टॉर्च प्रत्येकाच्या डोक्यावर, त्यात नवे सेल. फोनला रेंज नसते, तेव्हा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घ्या. घरी एकाला कॅन्यनचं नाव, गाडीचा नंबर आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पार्कला कळव, असं लिहून द्या.

पाणी माणशी चार लिटर. खायला मी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि राजगिऱ्याची चिक्की नेते. चॉकलेट दुपारी वितळून सॅकभर होतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी एका बाटलीत वेगळं. शौचासाठी बंद होणाऱ्या पिशव्या न्या आणि त्या परत आणा, वाळवंटात काही कुजत नाही.

काठावर

पहिला उतरतो तो अनुभवी, दोर खाली टेकला की नाही ते त्यानेच बघायचं असतं. आणि शेवटचा उतरतो तोही अनुभवी, कारण अँकर तपासायला मागे कोणी नसतं. तिथे सापडणाऱ्या जुन्या स्लिंगवर विसंबू नका. उन्हाने त्यांचा रंग उडालेला असतो, वळवून बघितली की कडक लागते. आपली नवी पट्टी बांधा, मातीच्या रंगाची, आणि जुनी कापून बरोबर खाली न्या. रिंग शक्यतो काठाच्या पलीकडे लोंबेल एवढी पट्टी लांब ठेवा, म्हणजे दोर खेचताना काठात रुतून बसत नाही. झाड, दगड, असलेले बोल्ट यांतून निवड करा. बॅटरीचं ड्रिल इथे चालत नाही.

उतरण्याआधी सेल्फ अँकर (स्वतःला अँकरशी जोडणारी पट्टी) लावलेला असतानाच डिसेंडरवर पूर्ण वजन द्या आणि मोठ्याने बोला: ब्लॉक कुठल्या बाजूला, मी कुठल्या दोरावर. चुकीच्या बाजूवर वजन आलं तर दोर रिंगमधून सरळ निघून जातो. दोघांनी बघून दोघांनी हो म्हटल्याशिवाय सेल्फ अँकर काढू नका. दोर जमिनीला टेकलाय याची खात्री नसेल तर टोकाला गाठ मारा, आणि पहिला माणूस खाली पोचला की ती लगेच सोडवू द्या, नाहीतर खेचताना तीच गाठ वर रिंगला जाऊन अडकेल. खाली खोल पाणी असेल तर गाठ मारूच नका, लांबी नेमकी मोजून सोडा.

शेवटचा माणूस वर असतानाच खालच्यांनी पुलकॉर्ड हातभर खेचून बघावी. सरकली तर ठीक. नाही सरकली तर वरचा अजून काठ बदलू शकतो, रिंग पुढे घेऊ शकतो. तो उतरल्यावर हे काहीच करता येत नाही. खेचताना वरून कॅरॅबिनरसकट गाठ पन्नास मीटर खाली येते, तेव्हा हेल्मेट डोक्यावरच ठेवा आणि भिंतीपासून लांब, बाजूला उभे राहा.

घरी आल्यावर दोर त्याच आठवड्यात धुवा. बाथटबमध्ये कोमट पाणी, साबण नाही, तळाला लाल वाळूचा थर बसेपर्यंत चाळवा, पाणी बदला, पुन्हा चाळवा. वाळला की दोन बोटांच्या चिमटीतून इंच इंच सरकवत बघा. जिथे मऊ किंवा चपटा लागेल, आतला गाभा जाणवेल, तिथे कापा. मग उरलेले तुकडे पुन्हा टेपने मोजा आणि नवी लांबी टोकावर लिहा.